दुधाला कुंपण, कापसाला फाटक उघडं: देशाची ओळख परराष्ट्र धोरणात कुठे दिसते?

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "सर, मी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करून राह्यलो. नोट्समध्ये लिहिलंय की देशाची राष्ट्रीय ओळख त्याचं परराष्ट्र धोरण घडवते. पण गावात पारावर कोणालेही विचारा, सारा पैशाचा खेळ म्हणतात. २०२५ मध्ये अमेरिकेचं दूध येऊ दिलं नाही, अन् बाहेरच्या कापसावरचा कर मात्र काढून टाकला. दोन्ही शेतकऱ्याचंच ना जी? मग ओळख कुठं गेली?"

पारावरची माणसं चुकीची नाहीत, पण तेवढ्यावर भागत नाही. पैशाचा खेळ आहे हे खरंच. मात्र कोणता पैसा सोडायचा आणि कोणता सोडायचा नाही, हे पैसा स्वतः सांगत नाही.

नोट्समधलं "घडवते" मात्र मला पटत नाही. परराष्ट्र सेवेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, काही वकिलातींत, काही व्यापारी वाटाघाटींच्या शिष्टमंडळांत. ओळखीने धोरण घडवलं असं तिथे क्वचितच दिसलं. ओळख कुंपण घालते. कुठे जायचं ते फायदातोटा, भीती, शेजारी आणि निवडणूक ठरवतात. कुठे जायचंच नाही, ते ओळख ठरवते. आणि हे कुंपण शेताच्या धुऱ्यासारखंच, बांधासारखंच आहे, सरकवणारा भेटला की सरकतं.

दिल्लीत हे कसं चालतं ते सांगतो, कारण पुस्तकात ते सापडत नाही. वाटाघाटीला जाण्याआधी मंत्रालयात टिपण तयार होतं. त्यात पर्याय मांडलेले असतात: अमुक दिलं तर तमुक मिळेल, या वस्तूवर इतका कर कमी केला तर त्या वस्तूला तिकडे वाट मिळेल. "हे आपल्या संस्कृतीला मानवणार नाही" असं वाक्य त्या टिपणात सहसा नसतं, कारण त्याची गरजच पडत नाही. ज्या पर्यायाचं समर्थन मंत्र्यांना संसदेत उभं राहून करता येणार नाही, तो खालचा अधिकारी लिहीतच नाही. ओळखीचं काम टिपणाला हात लावण्याआधीच उरकलेलं असतं. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला कागदोपत्री सगळा हिशेबच दिसतो आणि तो म्हणतो, बघा, सारा पैशाचा खेळ.

आता दूध. परदेशातून दुधाचे पदार्थ आणायचे तर सोबत पशुवैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यातल्या एका अटीवर अमेरिकेशी आपलं २००३ पासून अडलेलं आहे. ज्या जनावराचं दूध आहे त्याला रवंथ करणाऱ्या जनावरांचे अवयव, रक्ताची भुकटी किंवा मांसाचे अंश असलेलं खाद्य कधीच दिलेलं नसावं, अशी ती अट. गेल्या काही महिन्यांत नव्हे, जन्मापासून. तिकडच्या गोठ्यांत असं खाद्य वापरात असतं, त्यामुळे असं प्रमाणपत्र त्यांना देता येत नाही. त्यांचं म्हणणं, हा आरोग्याचा प्रश्नच नाही, शास्त्रीय पुरावा दाखवा. फार तर पाकिटावर तसं छापू, ज्याला नको तो घेणार नाही. आपलं म्हणणं, हा शास्त्राचा विषयच नाही. हे दूध देवाला वाहिलं जातं, उपवासाला चालतं, पंचामृतात पडतं; गाईला गाईचं रक्त चारून काढलेलं दूध आमचा माणूस दूध मानत नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तर मी त्याला फार किंमत दिली नसती. पण इथे देशाने पदरचे पैसे मोजले. अमेरिकेच्या दूध उद्योगाने आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांनी तक्रारी केल्या, आणि जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारताला दिलेली विकसनशील देशांची करसवलत काढून घेतली. त्या सवलतीतून २०१७ साली आपला सुमारे ५.६ अब्ज डॉलरचा माल तिकडे गेला होता. तरी ती अट हलली नाही. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बँकॉकमध्ये भारत आशियातल्या मोठ्या व्यापार कराराच्या, आरसेपच्या, दारातून परत फिरला. तिथे न्यूझीलंडच्या दूध भुकटीची धास्ती हे एक मोठं कारण होतं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हाही शेती आणि दूध या दोन गोष्टींवर दिल्ली अडूनच होती.

पण निव्वळ श्रद्धेवर हे कुंपण उभं राहिलं असेल असं समजू नको. त्यामागे देशातली आठ कोटींच्या आसपास दूधवाली कुटुंबं आहेत, बहुतेकांकडे दोनचार जनावरं. श्रद्धा आणि पोट एकाच बाजूला उभी राहिली, म्हणून कुंपण पक्कं झालं. कोंबडीचं उदाहरण शेजारी ठेवून बघ. बर्ड फ्लूचं कारण देऊन आपण अमेरिकन कोंबडी रोखली होती. जागतिक व्यापार संघटनेत २०१५ मध्ये तो खटला हरलो. कोंबडीच्या तंगडीमागे ना देव होता ना पंचामृत, शास्त्रावर बोलायला लागलो आणि शास्त्रात कमी पडलो. उलट सील या समुद्री प्राण्याच्या कातडीवर युरोपीय संघाने बंदी घातली, कॅनडा आणि नॉर्वेने खटला भरला, तेव्हा २०१४ मध्ये अपील मंडळाने अंमलबजावणीतला भेदभाव चुकीचा ठरवला, पण जनतेची नैतिक भावना हे बंदीचं कारण म्हणून मान्य केलं. म्हणजे ओळखीला आंतरराष्ट्रीय कायद्यातही जागा आहे, फक्त ती नीट मांडता यायला हवी.

आता कापूस, जो तुझ्याही वावरात आहे आणि माझ्याही. बाहेरच्या कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पात एकूण ११ टक्के शुल्क लागलं. २०२२ मध्ये काही महिने ते माफ झालं. पुढे १९ ऑगस्ट २०२५ पासून परत माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे इकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागते आणि माल बाजारात येतो, नेमके तेच महिने. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि बाहेरचा स्वस्त कापूस बंदरात उतरायला मोकळा. आमच्याकडे एकाने मला विचारलं, "दुधाले तार अन् कापसाले फाटक उघडं, काऊन जी?"

उत्तर कडू आहे. कापसाची ओळख एके काळी दुधापेक्षा मोठी होती. १९२१ पासून काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता, परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या, आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधून देशाचं राजकारण हललं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. त्या दिवशीच्या भाषणात नेहरूंनी अशोकाच्या काळाची आठवण काढली: तेव्हा भारताचे दूत देशोदेशी गेले, साम्राज्य वाढवायला नव्हे, शांतीचा आणि संस्कृतीचा निरोप घेऊन. झेंड्याच्या ठरावात परराष्ट्र धोरण कसं डोकावतं ते बघ. चरखा मात्र हळूहळू २ ऑक्टोबरपुरता उरला. कापसाच्या दुसऱ्या बाजूला सूतगिरण्या आहेत, कपडे शिवणारे कारखाने आहेत, त्यांतले लाखो कामगार आहेत; अमेरिकेच्या शुल्काने त्यांची मागणी पडली होती आणि त्यांना कच्चा माल स्वस्त हवा होता. कापसात पोट विरुद्ध पोट असा सामना होता, आणि मधे उभी राहावी अशी ओळख शिल्लक नव्हती. विदर्भातला शेतकरी संघटित असता तर? तर कदाचित हिशेब बदलला असता, पण तो हिशेबच राहिला असता.

याच मापाने सोयाबीन मोजून बघ. जनुकीय बदल केलेलं खाद्य देशात नको, ही भूमिका आपण मोठ्याने मांडतो. पण ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीपालनवाल्यांना पेंड महाग पडायला लागली तेव्हा अशाच सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी मिळाली. आणि अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेल तर वर्षानुवर्षं येतंच आहे, तेही बहुतांश तसल्याच बियांचं. तेलाच्या बाटलीत बी दिसत नाही, म्हणून कोणाची ओळख दुखावत नाही. तत्त्व म्हणून मिरवलेल्या प्रत्येक गोष्टीला मी हाच प्रश्न लावतो: त्यासाठी देशाने कधी नुकसान सोसलं का? सोसलं असेल तर ओळख. नसेल तर भाषण.

नुकसान सोसल्याचा माझा आवडता दाखला दक्षिण आफ्रिकेचा आहे. १९४६ मध्ये, स्वातंत्र्य पदरात पडायच्या आधीच, भारताने तिथल्या वर्णद्वेषी सरकारशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७४ मध्ये भारतीय टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, समोर दक्षिण आफ्रिका; भारत खेळलाच नाही, चषक त्यांना गेला. अमृतराज बंधू ऐन भरात होते. टेनिसच्या मैदानावर सोडलेला तो सामना मला अलिप्ततेच्या शंभर भाषणांपेक्षा जास्त सांगतो. वसाहतीतून सुटलेला देश, रंगावरून माणूस मोजणाऱ्यांशी व्यवहार नाही, ही ओळख तेव्हा खरी होती.

इस्रायलच्या बाबतीत मात्र कुंपण सरकलं. १९५० मध्ये मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडायला २९ जानेवारी १९९२ उजाडावं लागलं. मधल्या काळात पॅलेस्टाईनच्या बाजूने उभं राहणं हा आपल्या ओळखीचा भाग होता. अरब तेल आणि तिकडे कामाला गेलेली आपली माणसं हा हिशेबही होता. सोव्हिएत संघ कोसळला, अरब स्वतःच माद्रिदमध्ये इस्रायलसमोर वाटाघाटीला बसले, आणि आपल्याकडे राजकारणाची हवाही बदलली. ओळख बदलली म्हणून धोरण बदललं, की धोरण बदलायचं होतं म्हणून ओळखीची नवी मांडणी शोधली? दोन्ही गोष्टी हातात हात घालून झाल्या असं माझं मत आहे, आणि परीक्षकाला हेच उत्तर आवडत नाही.

ओळख आणि हित एकाच फाईलची वाटणी कशी करून घेतात हे बघायचं असेल तर दिल्लीला जायची गरज नाही, गोंदियाला जा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला, १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. धानाच्या बांध्यांत पताका फडफडतात. हिवाळ्यात स्वेटरांची दुकानं लावणारे तिबेटी आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यांच्या अशाच वसाहती देशभर आहेत. ही माणसं इथे का आहेत? मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, आणि बुद्धाच्या देशाने बुद्धाच्या अनुयायाला दारातून परत पाठवणं कोणत्याही पंतप्रधानाला शक्य नव्हतं. तो पर्याय टिपणात येणारच नव्हता. पण त्याच भारताने २९ एप्रिल १९५४ च्या करारात तिबेटला चीनचा प्रदेश म्हटलं होतं, हद्दपार तिबेटी सरकारला आजवर मान्यता दिलेली नाही, आणि २००३ मध्ये वाजपेयींच्या बीजिंग भेटीत तिबेट स्वायत्त प्रदेश चीनच्या भूभागाचा भाग असल्याचं लेखी पुन्हा मान्य केलं. आसरा ओळखीने दिला, मान्यता हिताने अडवली. अर्जुनी मोरगावात शेती करणाऱ्या तिबेटी कुटुंबाचं आयुष्य या दोन निर्णयांच्या मधल्या पट्टीत गेलं आहे.

तसंच गडचिरोलीत मूलचेरा, चामोर्शीकडे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत तिथे. पाकिस्तानने स्वतःला धर्मावर उभं केलं, आणि २४ वर्षांत भाषेने ते दुभंगलं. देशाने निवडलेली ओळख त्याच्याच अर्ध्याहून अधिक लोकांना आपली वाटली नाही तर काय होतं, याचा याहून मोठा धडा विसाव्या शतकात शोधून सापडायचा नाही.

यातूनच एक प्रश्न निघतो, तो पाठ्यपुस्तकं टाळतात. देशाची ओळख म्हणजे देशातल्या कोणाची? बौद्ध वारसा हे आज भारताचं परदेशातलं मोठं भांडवल आहे. पाहुण्यांना बोधगया, सारनाथ दाखवतात, बुद्धाचे अस्थी-अवशेष थायलंडला, मंगोलियाला दर्शनासाठी पाठवतात. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी घेतलेली दीक्षा? तो बौद्ध धम्म समतेचं बोलतो, जातीवर बोट ठेवतो. सरकारी माहितीपुस्तिकेतला बुद्ध मंद हसतो आणि पर्यटक बोलावतो. जपानी लोकांना मात्र दीक्षाभूमीचा पत्ता बरोबर सापडला. नागपूरजवळ कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ मध्ये जपानी मदतीने उभं राहिलं, तेही परराष्ट्र मंत्रालयाच्या कुठल्याही योजनेशिवाय.

बाहेरचे दाखले आता भराभर देतो. यवतमाळ जिल्ह्यापेक्षा कमी वस्तीचा मॅसेडोनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. ग्रीसचं म्हणणं, मॅसेडोनिया आमच्या प्रांताचं नाव, सिकंदर आमचा. नुसत्या नावापायी ग्रीसने २००८ मध्ये त्याचा नाटोप्रवेश अडवला. २०१८ मध्ये करार झाला, देश उत्तर मॅसेडोनिया झाला, २०२० मध्ये नाटोत गेला. लगेच बल्गेरिया उभा राहिला: तुमची भाषा मुळात आमचीच, हे कबूल करा, नाहीतर युरोपीय संघाचं दार बंद. यात कुठला पैसा? पारावरच्या मंडळींना हे उदाहरण जरूर सांग.

जपानने १९४७ च्या राज्यघटनेत युद्धाचा हक्क सोडला, १९७६ पासून संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास बांधून घेतला. चीन आणि उत्तर कोरिया डोळ्यांसमोर वाढले तरी दशकानुदशकं ते टिकलं; शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये खर्च दोन टक्क्यांवर न्यायचं ठरलं, पण घटनेतलं कलम मात्र शब्दाने बदललेलं नाही. स्वीडन दोनशे वर्षं कोणत्याही लष्करी गटात नव्हता. युक्रेनवर हल्ला झाल्यावर काही महिन्यांत अर्ज, मार्च २०२४ मध्ये नाटो सदस्य. कुंपण इतक्या वेगाने उपटलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रशियापाशी मात्र माझं कुंपणाचं सूत्र अपुरं पडतं. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनियन एकच लोक आहेत असं मांडलं. हिशेब करणारे म्हणत होते, हल्ला परवडणार नाही म्हणून होणार नाही. तो झाला. इथे ओळखीने अडवलं नाही, ढकललं. शेजारी वेगळा देश आहे हेच ज्याला मान्य नाही, त्याला नफ्यातोट्याचा तक्ता दाखवून उपयोग नसतो. मात्र नाटोचा विस्तार, काळ्या समुद्रावरचा ताबा हेही त्यात होतंच. त्यांची टक्केवारी मांडायला मला सांगू नको, कोणालाच ती येत नाही.

आता परीक्षेचं. "ओळख विरुद्ध हित" असे दोन रकाने पाडून समतोल उत्तर लिहू नको, ते सगळेच लिहितात. एक निर्णय घे आणि तारखा लावून तपास की कोणतं कारण आधी होतं आणि कोणतं नंतर आलं. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाचा ठराव आला. १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ, तटस्थांत भारत. "स्वस्त तेलासाठी" असं आज सहज म्हटलं जातं. पण त्या दिवशी आपल्या तेलआयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, सवलतीचं तेल नंतर यायला लागलं. त्या मतामागे रशियन शस्त्रांवर चालणारं सैन्य होतं, डिसेंबर १९७१ मध्ये सुरक्षा परिषदेत सोव्हिएतांनी आपल्यासाठी वापरलेला नकाराधिकार होता, आणि मॉस्कोला चारचौघांत नाव घेऊन दोष द्यायचा नाही ही मुरलेली सवय होती. सोव्हिएत फौजा दुसऱ्या देशात शिरल्यावर झालेली मतदानं बघ: १९५६ ला हंगेरी, १९६८ ला चेकोस्लोव्हाकिया, जानेवारी १९८० ला अफगाणिस्तान. तीनही वेळा भारत तटस्थांत सापडेल, आणि हंगेरीच्या एका ठरावावर तर विरोधातही. यातलं शस्त्र हे हित, सवय ही ओळख, आणि १९७१ दोन्हीकडे मोजता येतं. तेलाचं वाक्य खोडून टाक.